शेवटचे हजार मैल

कुरुदपासून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी शेकडो किलोमीटर लांब आहे. तरीही भिलाईत समुद्राचा विषय निघाला की लोक परकेपणाने बोलत नाहीत. २ सप्टेंबर २०२२ ला विक्रांत नौदलात दाखल झाली. तिच्यासाठीचं पोलाद भिलाई, बोकारो आणि राउरकेला या तीन कारखान्यांतून गेलं होतं, आणि हे इथल्या चहाच्या टपरीवरच्या माणसालाही ठाऊक असतं. 'हमारा लोहा पानी पे चल रहा है,' असं तो सांगतो.

सध्या मी एनसीसीच्या नेमणुकीवर आहे. मागच्या महिन्यात कॅडेट्ससमोर नौदलाच्या 'सागर परिक्रमा' मोहिमेवर बोललो. एका मुलीने विचारलं, "सर, अकेले आदमी को सबसे ज़्यादा ख़तरा कहाँ होता है?" बाकीच्यांनी आपापली उत्तरं दिली: केप हॉर्न, वादळ, शार्क. मी म्हटलं, शेवटच्या हजार मैलांत. ते कुणालाच पटलं नाही. घर जवळ आलं की धोका कमी व्हायला हवा, हा त्यांचा तर्क. तासाची घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिलं. ते सविस्तर लिहावं म्हणून हा लेख.

आधी थोडा भूगोल. दक्षिण महासागरात, चाळीस अक्षांशांच्या खाली, लाटा डोंगराएवढ्या असतात पण आजूबाजूला कुणी नसतं. जहाज नाही, खडक नाही, जाळी नाही. बोट बंद करून, स्वतःला बांधून घेऊन तासभर झोपता येतं. किनारा जवळ आला की हे सगळं उलटं होतं. मालवाहू जहाजांचे मार्ग आडवे येतात. रडारवर धड न उमटणाऱ्या लाकडी होड्या असतात, मैल मैल पसरलेली जाळी असतात, तेलविहिरींचे फलाट असतात. एकटा माणूस इथे वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त डोळा लावू शकत नाही. आणि हे सगळं येतं कधी? शिडं विरलेली, दोर झिजलेले, शरीर कित्येक महिने थकलेलं आणि मन मात्र आधीच घरी पोचलेलं असतं तेव्हा.

जगाला एकट्याने फेरी मारणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. २४ एप्रिल १८९५ ला तो 'स्प्रे' नावाच्या जुन्या बोटीतून बोस्टनहून निघाला. तीन वर्षांनी परतीच्या वाटेवर सेंट हेलेना बेटावर त्याला कुणीतरी एक बकरी भेट दिली. तिने दोर खाल्ले आणि वेस्ट इंडीजचा नकाशाही खाल्ला. स्लोकमने तिला असेन्शन बेटावर उतरवलं, पण नकाशा गेला तो गेलाच. पुढे कॅरिबियन बेटांमधून त्याला तो नसताना वाट काढावी लागली. ब्राझीलच्या किनाऱ्यालगत अमेरिकेची 'ओरेगॉन' ही युद्धनौका भेटली, आणि आपला देश स्पेनशी लढतो आहे हे त्याला तिच्याकडून कळलं. घर जवळ आलं तर तिथे वादळ. २७ जून १८९८ ला तो न्यूपोर्टला पोचला तेव्हा बंदराच्या तोंडाशी स्वतःच्याच सैन्याने पेरलेले सुरुंग होते. मोठं जहाज जाऊ शकणार नाही अशा बेताने, खडकांना चिकटून, त्याने बोट आत घातली. ज्याने चाच्यांना चुकवलं होतं, तो आपल्याच लोकांच्या सुरुंगांजवळून घरात शिरला.

हे वाचताना प्रत्येक पायदळवाल्याला परतणारी गस्त आठवते. गस्त निघताना सगळे सावध असतात. परत येताना चौकी दिसायला लागते, चहाचा वास यायला लागतो, आणि नेमकं तिथेच पाय सैल पडतो. समोर आपलाच संत्री असतो, रात्रभर जागलेला, बोट ट्रिगरवर. म्हणून परतीची वाट वेगळी घ्यायची, ठरलेला संकेतशब्द ठरलेल्या जागीच द्यायचा, शेवटच्या पाचशे मीटरला निघतानाएवढाच वेळ द्यायचा, हे आम्हाला अकादमीपासून शिकवतात. खडकवासल्याच्या पीकॉक बेमध्ये शिडाची होडी शिकवतानाही तेच होतं. होडी उलटायची ती बहुतेक वेळा धक्क्याजवळच.

आता १९६८ साल. लंडनच्या 'संडे टाइम्स'ने स्पर्धा जाहीर केली: एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी. जो पहिला परत येईल त्याला 'गोल्डन ग्लोब', जो सर्वांत कमी दिवसांत करेल त्याला पाच हजार पौंड. नऊ जण निघाले. एकच परत आला. या नऊपैकी चौघांच्या शेवटच्या दिवसांत सगळी उत्तरं आहेत.

परत आला तो रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची 'सुहैली' ही बत्तीस फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली. तो तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. बोटीचं नाव आखातात वाहणाऱ्या एका वाऱ्याचं. १४ जून १९६८ ला तो फालमथहून निघाला. ऑस्ट्रेलियापर्यंत आपोआप दिशा धरून ठेवणारं यंत्र मोडलं. टाकीतलं पाणी तर त्याआधीच बिघडलं होतं. रेडिओ बंद पडला आणि न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून जास्त काळ त्याचा पत्ता नव्हता. ६ एप्रिल १९६९ ला अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला त्याने दिव्याने संदेश दिला, आणि हा माणूस जिवंत आहे हे घरच्यांना कळलं. २२ एप्रिलला तो फालमथला पोचला. शेवटच्या टप्प्यात त्याने काय केलं, तर नवीन काही नाही. बोट मंद आणि जुनी आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती जेवढं पेलेल तेवढंच शीड त्याने ठेवलं.

दुसरा बर्नार मुआतेसिए, फ्रेंच, हनोईत जन्मलेला, उष्ण कटिबंधात वाढलेला. त्याच्या पोलादी बोटीचं नाव स्लोकमवरून 'जोशुआ'. केप हॉर्न ओलांडल्यावर तो इतक्या वेगात होता की पाच हजार पौंड जवळजवळ त्याच्या खिशात होते. पण मार्च १९६९ मध्ये केपटाउनजवळ त्याने गलोलीने एका जहाजावर संदेश फेकला. मी परत येत नाही, पुढे जातो आहे, असा त्याचा आशय होता. युरोपातला गाजावाजा, कॅमेरे, बक्षीस त्याला नको होतं. तो पुन्हा हिंदी महासागर ओलांडून पॅसिफिकमध्ये गेला आणि २१ जून १९६९ ला ताहितीच्या बेटावर उतरला. जगभरच्या शिडवाल्यांचा तो आजही देव आहे. चाळिशी ओलांडलेल्या कुठल्याही नोकरदाराला हा माणूस आवडतोच. मलाही आवडतो. पण फ्रान्समध्ये त्याची बायको वाट बघत होती, हेही त्याच गोष्टीत आहे. बेटावरच्या माडांचं वर्णन करताना ते बहुतेक जण गाळतात.

तिसरा नायजेल टेटली, ब्रिटिश नौदलातला अधिकारी. त्याची बोट तीन तळांची, हलकी, या कामासाठी बांधलेलीच नव्हती. तरी तो केप हॉर्न ओलांडून अटलांटिकमध्ये आला. जाताना काढलेली स्वतःची रेघ त्याने ओलांडली, म्हणजे जगाची फेरी तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झाली. आता फक्त घरी यायचं होतं. पण मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट जोरात येतो आहे अशी बातमी रेडिओवर होती. बक्षीस हातचं जाईल या भीतीने टेटलीने आधीच खिळखिळ्या झालेल्या बोटीवर शिडं चढवली. मे १९६९ च्या वादळात, घरापासून साधारण अकराशे सागरी मैलांवर, ती फुटली. तो तराफ्यावरून वाचला, बोट बुडाली.

आणि चौथा तो क्रोहर्स्टच. मागून जोरात येणारा हा माणूस प्रत्यक्षात कुठेच गेला नव्हता. अपुऱ्या तयारीची बोट घेऊन, घर आणि धंदा गहाण टाकून, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ ला तो निघाला होता. दक्षिण महासागरात ही बोट टिकणार नाही हे लवकरच दिसलं. परत फिरावं तर दिवाळं. म्हणून तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून खोट्या जागा कळवत राहिला. बेत असा की सगळ्यांच्या मागून हळूच यायचं. शेवटच्या नंबरवाल्याचं लॉगबुक कोण तपासतं? टेटलीची बोट बुडाली आणि हा बेत कोसळला. आता सर्वांत वेगवान म्हणून बक्षीस क्रोहर्स्टलाच मिळणार होतं, म्हणजे लॉगबुक तपासलं जाणारच. शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची आहे. १० जुलैला बोट रिकामी सापडली. तो सापडला नाही. बोट पुढे विकली गेली, फिरत फिरत कॅरिबियनमधल्या केमन ब्रॅक बेटाच्या वाळूत येऊन पडली आणि तिथेच तिचे अवशेष झिजत राहिले. नॉक्स-जॉन्स्टनने आपले पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

या चौघांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट दिसते. शेवटच्या हजार मैलांचा निकाल तिथे लागत नाही, तो आधीच लागलेला असतो. निघताना काय कबूल केलं, वाटेत किती खरं बोललो, बोटीला किती ताणलं, घरच्यांशी काय नातं ठेवलं, या सगळ्याचं बिल घर जवळ आल्यावर येतं. टेटली तर दुसऱ्याच्या खोट्यामुळे बुडाला. आमच्या भाषेत सांगायचं तर खोटा रिपोर्ट पाठवणारी चौकी स्वतः तर मरतेच, शेजारच्या चौकीलाही मारते.

आता आपल्या माणसाकडे येतो. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा'चे कप्तान होते, वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिले. भारतात बांधलेल्या बोटीतून भारतीयाने एकट्याने जगाला फेरी मारावी, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. आमच्या इंजिनिअर कोअरच्या 'तृष्णा'ने १९८५ ते १९८७ मध्ये जगाची फेरी केली होती, पण तो चमूचा पराक्रम होता. एकट्याचा राहिला होता. २००६ मध्ये नौदल तयार झालं, आणि पाणबुड्या शाखेतले कमांडर दिलीप दोंदे यांनी नाव दिलं. त्यांच्याकडे तेव्हा ना बोट होती, ना असल्या प्रवासाचा अनुभव. ते शिकायला गेले कुणाकडे? नॉक्स-जॉन्स्टनकडे.

बोट बांधली रत्नाकर दांडेकरांनी, गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर. आराखडा डच, छप्पन्न फुटांचा, लाकडाच्या गाभ्यावर फायबरग्लास. एवढी मोठी शिडाची बोट त्या यार्डात आधी झाली नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलाकडे आली. नाव 'म्हादेई', मांडवीचंच जुनं नाव. मग १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले. वाटेत चार थांबे: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटल्टन, फॉकलंडमधलं पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन. केपटाउनपासून पुढचा टप्पा घरचा.

हा टप्पा नकाशावर सोपा वाटतो. पण सुरुवातीलाच आफ्रिकेच्या टोकाशी अगुल्हास प्रवाह आहे. तो वाऱ्याविरुद्ध वाहायला लागला की लाट उभीच्या उभी राहते. मग व्यापारी वारे, मग विषुववृत्ताजवळचा तो पट्टा जिथे वारा पडतो आणि बोट दिवसचे दिवस तापत उभी राहते. त्यानंतर अरबी समुद्र, आणि तोही मे महिन्यात. पावसाच्या आधीचा हा काळ चक्रीवादळांचा. २०१० च्या त्याच मे महिन्यात 'लैला' वादळ आंध्रच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि ३१ मे रोजी 'फेट' अरबी समुद्रातच उठलं. म्हणजे दोन आठवडे उशीर झाला असता तर घरच्या समुद्रातच त्याच्याशी गाठ पडण्याची शक्यता होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत मान्सून येतो, त्यामुळे त्याआधी आत येणं भागच होतं. हे वेळापत्रक मोहिमेच्या पहिल्या दिवसापासून मागून पुढे मोजलेलं होतं. निघायची तारीख ठरली ती परतीच्या महिन्याकडे पाहून.

आणि समोर मुंबई. आपण विसरतो, पण मुंबई हेही उष्ण कटिबंधातलं बेटच, सात बेटं भरून जोडलेलं. त्याच्या बाहेर बॉम्बे हायच्या तेलविहिरी, मुंबई आणि न्हावाशेवा या दोन बंदरांची रांगेत येणारी जहाजं, आणि पावसाळी बंदी लागायच्या आत शेवटची मासळी काढायला उतरलेल्या कोळ्यांच्या होड्या. सुकाणूत किंवा पंख्यात एक जाळं अडकलं की नऊ महिन्यांची मेहनत तिथेच. शिवाय गरीब कोळ्याचं जाळं फाटलं तर त्याचा हंगाम गेला, हेही एकट्या माणसाने रात्री तीन वाजता ध्यानात ठेवायचं असतं.

१९ मे २०१० रोजी दोंदे यांनी शेवटची रेघ ओलांडली. एकट्याने जगाची फेरी करणारे ते पहिले भारतीय. औपचारिक स्वागत झालं २२ मे रोजी, उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांच्या उपस्थितीत. फौजी वाचक इथे हसतील. पोचण्याची तारीख एक आणि पोचल्याची तारीख दुसरी, हे आम्हाला नवीन नाही. अभिलाष टॉमीच्या बाबतीतही तेच झालं. कुठेही न थांबता फेरी करून तो ३१ मार्च २०१३ ला परतला, आणि राष्ट्रपतींच्या हस्ते स्वागत ६ एप्रिलला झालं. पण या विनोदात एक मोठी गोष्ट आहे. त्यांच्यासाठी कुणीतरी तारीख ठरवून बसलं होतं. क्रोहर्स्टला ज्या स्वागताची धास्ती होती, मुआतेसिए ज्यापासून पळाला, ते स्वागत या दोघांनी कामाचा भाग म्हणून स्वीकारलं. दोघांचं लॉगबुक कुणीही, कुठल्याही पानावर उघडावं असं होतं.

प्रामाणिकपणा म्हणजे सुरक्षिततेची हमी, असा मात्र याचा अर्थ नाही. गोल्डन ग्लोबच्या पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, तीच शर्यत पुन्हा झाली आणि अभिलाष त्यात उतरला. त्याची 'थुरिया' ही 'सुहैली'चीच प्रतिकृती होती, दांडेकरांनीच गोव्यात बांधलेली. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिची डोलकाठी मोडली, अभिलाषच्या पाठीचे मणके जायबंदी झाले. नौदलाच्या विमानाने त्याला शोधलं आणि एका फ्रेंच जहाजाने उचलून ॲम्स्टरडॅम बेटावर नेलं. एकट्याच्या प्रवासाचे शेवटचे दिवस असेही असतात: स्ट्रेचरवर, अनोळखी माणसांच्या हाती. त्याने खरी जागा आणि खरी अवस्था कळवली होती, म्हणून शोधणाऱ्यांना तो सापडला. पाठ दुरुस्त करून तो पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ मध्ये दुसरा आला.

मला हे सगळं इतकं का लागतं तेही सांगतो. उंचावरच्या एका नेमणुकीत माझ्या कंपनीतला एक जवान बर्फात पूर्ण मुदत काढून, एक ओरखडा न येता खाली उतरला. सुट्टीवर गेला. रेल्वे स्टेशनपासून गावापर्यंतच्या शेवटच्या काही किलोमीटरवर, रात्री, मित्राच्या मोटारसायकलवर तो गेला. तेव्हापासून सुट्टीवर निघणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो: स्टेशनवर उतरल्यावर घरी कसा जाणार? रात्री पोचलास तर सकाळपर्यंत थांबशील का? पोरं मनातल्या मनात हसतात. हसू देत. हल्ली दुर्ग स्टेशनवर उतरणाऱ्या कॅडेट्सनाही तेच विचारतो.

दोंदे यांच्याबद्दल एक गोष्ट उरली, आणि माझ्या लेखी ती त्यांच्या फेरीपेक्षा लहान नाही. परत आल्यावर ते अभिलाषची तयारी करून घेण्यात गुंतले. नंतर 'तारिणी' बोटीवरच्या सहा महिला अधिकाऱ्यांना त्यांनी घडवलं. त्या सहा जणी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला जगाची फेरी करून परतल्या. नॉक्स-जॉन्स्टनने दोंदेंना शिकवलं, दोंदेंनी पुढच्यांना. आवटी ३ नोव्हेंबर २०१८ ला गेले. त्याआधी त्यांनी हे सगळं पाहिलं होतं.